मधुमेहाच्या निदानात रक्तातील साखरेची मर्यादा १४० वरून १२६ वर का आली

‘पूर्वी उपाशीपोटी १४० पर्यंत साखर नॉर्मल धरत. १९९७ मध्ये औषध कंपन्यांनी आकडा १२६ वर आणला आणि लाखो निरोगी माणसे रुग्ण झाली. डॉक्टर सगळ्यांना एकाच आकड्याला जुंपतात, गोळ्यांनी किडनी जाते आणि गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही.’ हा मजकूर वाचून लोक चालू गोळी परस्पर बंद करतात, म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासणे गरजेचे आहे.

आकडे आणि साल बरोबर आहे, कारण चुकीचे आहे. १९७९ च्या निकषांत मधुमेह ठरवण्याचे दोन मार्ग होते: उपाशीपोटी १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २००. एकाच माणसाच्या दोन्ही तपासण्या केल्या की त्या जुळत नसत. दोन तासांची साखर २०० च्या वर गेलेल्या अनेकांची उपाशीपोटीची साखर १४० च्या खालीच असे, म्हणजे फक्त ती तपासणी केली तर त्यांचा आजार सुटून जायचा. ॲरिझोनातील पिमा जमात, इजिप्त आणि अमेरिकेतील सर्वेक्षण या तिन्ही ठिकाणी साखरेचे आकडे डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीशेजारी मांडले, तेव्हा पडद्याची इजा १४० च्या खालीच वाढू लागलेली दिसली. म्हणून १२६. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९९९ मध्ये स्वीकारला. दोन तासांचा २०० मात्र तसाच राहिला, हे मजकुरात येत नाही. शिवाय लक्षणे नसतील तर एका रिपोर्टवर निदान करायचे नसते. किमान आठ तास उपाशी राहून वेगळ्या दिवशी पुन्हा तपासायचे असते.

एकच आकडा सगळ्यांना? अमेरिका-कॅनडातील ॲकॉर्ड चाचणीत १०,२५१ रुग्ण होते. निम्म्यांचे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्क्यांतील आकडा) ६ च्या खाली आणायचे ठरले होते. त्या गटात २५७ मृत्यू झाले, नेहमीचे उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात २०३, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कडक उपचार थांबवले गेले. त्यानंतर मार्गदर्शिका सैल झाल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१८ मध्ये बहुतेकांसाठी ७ ते ८ पुरे म्हटले. औषधांचा खप वाढवणे हाच हेतू असता, तर उपचारांच्या लक्ष्याचा आकडा वर सरकला नसता. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांपैकी काहींचे कंपन्यांशी आर्थिक संबंध असतात हे खरे आहे, आणि ते जाहीर झालेच पाहिजेत.

गडबड जास्त होते ती अंमलबजावणीत. नुकतेच निदान झालेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ६.५ ते ७ हे लक्ष्य योग्य आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजींना ८ चालते, कारण रात्री साखर ५० वर उतरली तर उठवायला कोणी नसते. रिपोर्टवरच्या ७.८ ला लाल खूण दिसली म्हणून त्यांचा डोस वाढवणे ही चूक आहे. आकडा स्वतःही फसवतो: लोह कमी असलेल्या पंडुरोगात एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते, सिकलसेल आजारात कमी. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या नंदुरबार, गडचिरोलीकडे हे विसरून चालत नाही. अशा रुग्णांत उपाशीपोटी व जेवणानंतरची साखरच पाहावी.

किडनीबद्दलचा मुद्दा उलटा आहे. किडनी बिघडवते ती वर्षानुवर्षे चढलेली साखर आणि रक्तदाब. मधुमेहाची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर पडते. किडनी थकली की ते साठते, म्हणून डोस कमी करतात किंवा थांबवतात. हे पाहून गोळीनेच किडनी गेली असा समज होतो. रिपोर्टमधला ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा आकडा) ४५ च्या खाली असेल तर ते नव्याने सुरू करत नाहीत, आधीपासून चालू असल्यास सहसा डोस निम्मा करतात, आणि ३० च्या खाली बंद. जोराच्या उलट्या-जुलाबात डॉक्टरांना विचारून ते काही दिवस थांबवावे. खरा त्रास पोटाचा होतो, म्हणून सुरुवात ५०० मिलिग्रॅमने, जेवणासोबत. अनेक वर्षे घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून ते तपासून घ्यावे.

‘जन्मभर सुटत नाही’ हेही सरसकट खरे नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० कॅलरींचा द्रव आहार दिला. वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होते, दोन वर्षांनी ३६ टक्के. पण हे देखरेखीखाली झाले होते. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी ठरवून थांबवल्या होत्या, नाहीतर आहार घटताच दोन्ही धोकादायक खाली गेले असते. घरच्या घरी हा प्रयोग करू नये. गोळ्या सुटल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी करायचे, मग किमान वर्षातून एकदा. डोळे, लघवीतील प्रथिने आणि तळपायांची तपासणी तर कधीच सोडायची नाही.