कारंजा लाड रेल्वेने वसवले नाही

वाशीम जिल्ह्यातील आमच्या कारंजा लाडविषयी (वर्धा जिल्ह्यातील कारंजा घाडगे वेगळे) एक मजकूर सध्या मोबाइलवर फार फिरतो आहे. शकुंतला रेल्वे येण्यापूर्वी येथे रान होते. इंग्रजांनी वऱ्हाडात कापूस आणला, तो नेण्यासाठी रेल्वे टाकली आणि त्या रेल्वेमुळे गाव वसले. शिवाय ती रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची असून तिचे भाडे दरवर्षी लंडनला जाते, असे त्यात म्हटले आहे. शाळेतील मुले हा मजकूर प्रकल्पाच्या वहीत उतरवून घेऊ लागली आहेत, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

गाव रेल्वेने वसवले, हे विधान आधी घेऊ. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा मार्गे यवतमाळला जाणारी ही अरुंद रुळांची वाट विसाव्या शतकाच्या प्रारंभी टाकली गेली. त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, १६७० मध्ये, सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटले, आणि येथे मिळालेले सोने, चांदी व उंची कापड चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेले, असे इतिहासकार जदुनाथ सरकारांनी नोंदवले आहे. रानातून चार हजार जनावरांचे ओझे निघत नाही. श्री नृसिंह सरस्वतींचा जन्म परंपरेनुसार चौदाव्या शतकात येथेच झाला. जैन भट्टारकांची, म्हणजे धर्मगुरूंची, पीठे येथे होती, आणि त्यांच्या ग्रंथभांडारांत शतकानुशतके जपलेल्या अपभ्रंश या जुन्या भाषेतील हस्तलिखितांवरून हिरालाल जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९३० च्या दशकात ग्रंथ संपादित केले. एवढे ग्रंथ लिहवून घेणारा आणि सांभाळणारा संपन्न व्यापारी समाज एखाद्या स्टेशनाभोवती पंचवीस-तीस वर्षांत उभा राहत नाही.

पोथ्या पाहणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी वेशींची नावे आठवावीत. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस: प्रत्येक वेशीला ती ज्या वाटेवर उघडते त्या वाटेचे नाव आहे. या वाटा येथे का मिळाल्या, याचे उत्तर भूगोलात आहे. मूर्तिजापूरकडचे पाणी पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला जाते, तर आमच्या तालुक्यातून वाहणारी अडाण पैनगंगेला मिळते आणि तिचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोहोचते. जुन्या वऱ्हाडाचे पयानघाट (खालचा सखल प्रदेश) आणि बालाघाट (वरचा पठारी प्रदेश) असे जे दोन भाग मानले जात, त्यांच्या सांध्यावर हे गाव बसले आहे, आणि खालचा माल वर व वरचा खाली नेणाऱ्यांना येथे थांबणे सोयीचे होते.

कापसाचे विधान तर मला सर्वांत जास्त खटकते. चैत्र-वैशाखात आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून पाहिले तर काळ्या जमिनीला हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडलेल्या दिसतात. पहिल्या पावसात त्या मिटतात आणि तोच ओलावा धरून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे झाड, दिवाळीपर्यंत तग धरते. ही जमीन बेसाल्ट खडक झिजून तयार झाली आहे आणि तिच्यावर देशी कापूस पूर्वापार पिकत आला. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे १८५३ च्या तहाने आला. त्याच्या कितीतरी आधी बंजाऱ्यांचे तांडे येथील कापूस बैलांवर लादून थेट मिर्झापूरला नेत होते. इंग्रजांच्या काळात बदलली ती बाजारपेठ. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा पुरवठा तुटला, भाव चढले आणि कापसाखालील क्षेत्र वाढले. मात्र त्यानंतरच्या दशकांत लांब, तलम धाग्याची ‘बनी’ ही आमची जुनी जात मागे पडली आणि जास्त रुई देणारी, पण जाड्याभरड्या धाग्याची ‘जरी’ शेतोशेती पसरली. इंग्रजांनी कापूस दिला असे सांगणाऱ्यांनी त्या काळात काय गेले, तेही सांगितले पाहिजे.

रेल्वेच्या मालकीविषयीच्या विधानात थोडे तथ्य आहे, आणि ते मान्य करायलाच हवे. १९५१ च्या सुमारास देशातील रेल्वे कंपन्या एकत्र करून सरकारी विभाग बनवले गेले, तेव्हा ही वाट खासगी कंपनीकडेच राहिली. मात्र तिचे व्यवस्थापन पाहणारी किलिक निक्सन ही संस्था मुंबईची होती आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हाती आली. गाडी मध्य रेल्वे चालवत असे आणि कंपनीशी तिचा हिशोब करारानुसार होई. खासगी मालकी म्हणजे इंग्रजांची मालकी, असा अर्थ त्यातून कुणीतरी काढला आणि लंडनचे भाडे त्याला पुढे जोडले गेले.