क्रूझला जाताय? मग तो फॉरवर्ड आधी डिलीट करा

नागपुरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिला आहे. मथळा असा: ‘क्रूझवर जाणाऱ्यांनो सावधान! एका निवृत्त कॅप्टनने सांगितलेले सत्य.’ कॅप्टनचं नाव नाही, जहाजाचं नाव नाही, साल नाही. पुढचा मजकूर थोडक्यात असा: आग लागली की जहाजावरचे लोखंडी दरवाजे आपोआप बंद होतात आणि प्रवासी आत कोंडले जातात, कारण कंपनीला माणसांपेक्षा जहाज महत्त्वाचं. वीज गेली की पंप बंद पडतात आणि जहाज बुडतं. समुद्रात कोणाचाच कायदा नाही, त्यामुळे तपासणी होत नाही, आणि झालीच तर 100 पैकी 86 गुणांवर जहाज पास करतात. लाइफबोटी निम्म्याच लोकांना पुरतात. शेवटी ‘जीव वाचवणारे उपाय’: अलार्म वाजला तर खोलीबाहेर पडू नका, दाराखाली ओला टॉवेल लावा; सुरुवातीची ड्रिल, म्हणजे आणीबाणीचा सराव, हा टाइमपास, ती टाळा; आणि सोबत मेणबत्त्या, काडेपेटी, कापूर व स्वतःचा स्पाइक गार्ड ठेवा.

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. ती, काकाजी आणि त्यांच्या ओळखीतली आणखी काही जोडपी मुंबईहून क्रूझला जाणार आहेत, पैसे भरून झालेत. तिचा फोन आला: ‘काहून रे, ते दरवाजे आतून उघडतच नाही म्हणते ना?’ बॅगेत लांब वायरचा स्पाइक गार्ड आणि कापराची डबी ठेवून झाली होती. म्हणून हे लिहितोय. मी खलाशी नाही. बुटीबोरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. जनरेटर, पॅनल, फायर अलार्म हे रोजचं काम. जहाजांबद्दल जे सांगतोय त्यातलं बरंचसं कार्निव्हल स्प्लेंडर या जहाजाला 2010 मध्ये लागलेल्या आगीवरच्या अमेरिकी कोस्ट गार्डच्या चौकशी अहवालातून आहे. तो नेटवर फुकट वाचायला मिळतो. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी एकानेही तो उघडला नसावा.

सुरुवात शेवटापासून करतो, कारण सगळ्यात घातक भाग तोच आहे.

स्पाइक गार्ड. आपल्या घरात दोन तारांपैकी एक फेज आणि एक न्यूट्रल. न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला, म्हणून करंट मारते ती एकच तार, आणि बोर्डवरचं बटण तीच तार तोडतं. पुष्कळ जहाजांवर मांडणी वेगळी असते. एखादी तार लोखंडाला टेकली म्हणून समुद्रात सगळा पुरवठा ट्रिप होऊ नये, यासाठी पुरवठ्याची कोणतीच बाजू जहाजाच्या सांगाड्याला थेट जोडत नाहीत. म्हणजे सांगाड्याच्या हिशेबाने दोन्ही तारा जिवंत. आता आपला दुकानातून आणलेला स्पाइक गार्ड बघा. त्याचं बटण एकच तार तोडतं, आणि आतला सर्ज, म्हणजे विजेचा अचानक झटका, रोखणारा भाग तारांना अर्थशी जोडलेला असतो. जहाजावर दुसरीकडे कुठे अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे तार सांगाड्याला टेकली, तर या भागातून उलटा करंट वाहू शकतो, बटण बंद असलं तरी. वायर तापते, प्लास्टिक पेटतं, आणि हे सगळं बिछान्याखाली किंवा पडद्यामागे, जिथे आपण तो बोर्ड सरकवून ठेवलेला असतो. अमेरिकी कोस्ट गार्डने 2013 मध्ये याच वस्तूबद्दल सुरक्षा सूचना काढली होती. म्हणून चढतानाच्या तपासणीत क्रूझवाले हे बोर्ड काढून घेतात. आगीपासून वाचायला जी वस्तू न्या म्हणून सांगितलंय, तीच आग लावणारी आहे. मोबाइलचा साधा चार्जर न्या, काही होत नाही.

मेणबत्ती आणि कापराबद्दल काय बोलावं? स्टार प्रिन्सेस नावाच्या जहाजावर मार्च 2006 मध्ये जमैकाजवळ आग लागली. चौकशीतून निघालेलं सर्वात संभाव्य कारण म्हणजे बाल्कनीत पडलेलं एक जळतं सिगारेट. बाल्कन्यांची पार्टिशनं आणि खुर्च्या प्लास्टिकच्या, वरून वारा. पाहता पाहता मजले पेटत गेले. एक प्रवासी गेला, 13 जण जखमी झाले. त्यानंतर बाल्कन्यांमधलं सामान आणि अग्निशमन यांचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले. एका सिगारेटने हे होतं, आणि आपले लोक कापूर घेऊन निघाले! आरती घरी करून निघा. वीज गेली तर मोबाइलचा टॉर्च आहे, आणि जहाजावर पळवाटांच्या कडेला जमिनीलगत उजळणाऱ्या पट्ट्या असतात. नियमाने त्या 300 मिलिमीटरच्या वर नसतात, कारण धूर वर साचतो आणि माणूस खाली वाकून चालतो.

आता ‘खोलीबाहेर पडू नका’. ओल्या टॉवेलचा सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही. दार उघडल्यावर समोर काळा धूर असेल आणि वाटच नसेल, तर दार लावून फटी बुजवणं आणि फोनवरून कळवणं बरोबर. इतकं मान्य. पण ती शेवटची वाट झाली, पहिली नाही. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की ठरलेल्या जागी, मस्टर स्टेशनला जायचं असतं. लिफ्टने नाही, जिन्याने. तिथे माणसं मोजली जातात. तुम्ही टॉवेल लावून खोलीत बसलात, तर आगीशी लढणारी माणसं तुम्हाला शोधायला धुरात शिरणार. आग म्हटली की आपल्या भागातल्या माणसाला जानेवारी 2021 मधलं भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय आठवतं, ती दहा तान्ही बाळं आठवतात. त्यामुळे भीती खोटी नाही हे मलाही कळतं. या भीतीवर कोणीतरी बिनडोक सल्ले विकतं, याचा राग आहे.

ड्रिल टाळा म्हणणाऱ्याला तर हात जोडतो. कोस्टा कॉनकॉर्डिया 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीत जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळलं, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हाचा नियम 24 तासांची मुभा देत होता. त्यानंतर नियम बदलला. 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ड्रिल घ्यावीच लागते.

दरवाजे. मावशीची खरी धास्ती हीच होती. मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या दारांची खिचडी केली आहे. जहाजाच्या तळाकडे, इंजिनच्या भागात, पाणी अडवणारे सरकते जाड दरवाजे असतात. ते सिनेमात दिसतात तसे, आणि त्यांच्यात सापडलं तर माणूस खरंच चिरडतो. तिथे प्रवासी जात नाहीत. प्रवाशांच्या मजल्यांवर असतात ते फायर डोअर, बिजागरीचे. एरवी ते चुंबकाने उघडे धरलेले असतात. अलार्म आला किंवा वीज गेली की चुंबक सुटतो आणि दार आपोआप लागतं. लागतं, कुलूपबंद होत नाही. एकट्या माणसाला दोन्ही बाजूंनी ते हाताने उघडता आलं पाहिजे, असा सोलास या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. केबिनचं दार आतून उघडायला किल्ली लागता कामा नये, हाही नियम तिथलाच.

आणि ती दारं लागली नाहीत तर काय होतं? एप्रिल 1990 मध्ये स्कँडिनेव्हियन स्टार या फेरीबोटीत आग लागली, 159 माणसं मेली, बहुतेक धुरानेच. त्यानंतर प्रवासी जहाजांसाठीचे आगीचे नियम बरेच कडक झाले. मोठं प्रवासी जहाज आज साधारण 40 मीटरच्या उभ्या भागांत विभागलेलं असतं, मधल्या भिंती तासभर आग अडवतील अशा. एका भागात आग लागली की माणसांनी शेजारच्या भागात जायचं, मग दार लावायचं. म्हणजे ज्या दाराला मेसेज खुनी म्हणतोय, त्याच्यामुळेच मस्टर स्टेशनपर्यंत वाट मोकळी राहते. आपल्याकडच्या इमारतींत फायर डोअरला वीट लावून ते उघडं ठेवतात, ते कोणाला खटकत नाही.

‘वीज गेली की जहाज बुडतं.’ अरे बाबा, तरंगायला वीज लागत नाही. अंबाझरी तलावातल्या नावेला कुठे मीटर आहे? कॉनकॉर्डियावर आधी खडकाने पोट फाडलं, पाणी इंजिनात शिरलं, त्यामुळे वीज गेली. मेसेजने क्रमच उलटा केला. स्प्लेंडरवर 8 नोव्हेंबर 2010 च्या पहाटे मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून दूर एका जनरेटरच्या इंजिनाचं खालचं आवरण, क्रँककेस, फुटलं, उडालेलं तेल पेटलं. आग लागलेल्या ठिकाणाच्या वरून जाणाऱ्या केबली जळाल्या आणि इंजिनाच्या दोन वेगळ्या खोल्या असूनही सगळं जहाज अंधारात गेलं. 4,466 माणसं होती. जहाज तीन दिवस ओढत ओढत सॅन डिएगोला आणलं. बुडालं नाही, कोणी मेलं नाही.

पण वीज जाण्यात खरा त्रास आहे, आणि तो मेसेजमध्ये नाहीच. आपत्कालीन जनरेटर इंजिनाच्या खोलीबाहेर वरच्या मजल्यावर असतो. 45 सेकंदांच्या आत तो आपोआप सुरू व्हावा आणि 36 तास पुरावा अशी अट आहे. त्यावर आपत्कालीन दिवे, अलार्म, संपर्क यंत्रणा, आगीचा पंप हे जगतं. एसी, स्वयंपाकघर, बहुतेक संडास त्यावर चालत नाहीत. फेब्रुवारी 2013 मध्ये कार्निव्हल ट्रायम्फवर एका जनरेटरच्या इंधनाच्या लवचिक नळीतून गळती झाली आणि आग लागली. ती विझली, पण चार हजारांवर माणसं चार दिवस तुंबलेल्या संडासांसकट मेक्सिकोच्या आखातात तरंगत राहिली. किळसवाणं, पण जिवावरचं नव्हे. जिवावरचं होतं वायकिंग स्काय. मार्च 2019 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात इंजिनांच्या टाक्यांत वंगणाचं तेल कमी होतं, जहाज हेलकावलं, पंपांना तेल मिळेना, इंजिनं बंद. आगीचा संबंध नाही. जहाज खडकांकडे वाहत गेलं, 479 जणांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. कारण काय, तर टाकीतली पातळी. मेंटेनन्सवाला म्हणून मला आगीपेक्षा ही गोष्ट जास्त टोचते.

आता तपासणी. जहाजांवर बहामा, पनामा असले झेंडे असतात आणि त्यामागे कर आणि कामगार कायद्यांचा हिशेब असतो, हे खरंच आहे. पण झेंडा कोणताही असो, प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र बारा महिन्यांचंच असतं, दरवर्षी पाहणी होते. शिवाय ज्या बंदरात जहाज लागतं त्या देशाचे अधिकारी चढून तपासू शकतात, अडवूनही ठेवू शकतात. आपल्याकडे हे काम डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचं. 86 गुणांचं म्हणाल तर ती सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेची स्वच्छतेची तपासणी आहे: स्वयंपाकघर, पिण्याचं पाणी, स्विमिंग पूल. 85 किंवा कमी म्हणजे नापास. तिचा आगीशी काडीचा संबंध नाही.

मात्र ‘तपासणी झाली म्हणजे सगळं ठीक’ असं मी म्हणणार नाही, आणि ते म्हणू न देणारा तोच कोस्ट गार्डचा अहवाल आहे. स्प्लेंडरकडे कागद होते. तरी ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतल्या माणसाने फायर अलार्मचं पॅनल रीसेट केलं, म्हणून पाण्याचा बारीक फवारा सुरू व्हायला सुमारे पंधरा मिनिटं उशीर झाला. कार्बन डायऑक्साइड सोडून आग गुदमरवायची यंत्रणा ऐन वेळी चाललीच नाही. दूरवरून सुरू होईना, हाताने प्रयत्न केले तर जोडांतून गॅस गळला. इंजिनाची खोली वेळेआधी उघडली तर आग पुन्हा भडकली. हे वाचताना मला आमच्याकडचे सिलिंडर दिसत होते, तारखेची चिठ्ठी नवी आणि आतलं कोणी उघडून पाहिलेलं नाही. तेव्हा तपासणी होत नाही हे खोटं, तपासणीतून सुटतं हे खरं. मेसेजवाल्याला हे म्हणायचं असतं तर मी त्याच्या बाजूने बोललो असतो.

लाइफबोटींचं एका वाक्यात: परदेशी फेऱ्या करणाऱ्या प्रवासी जहाजावर बोटी आणि तराफे मिळून एकूण माणसांच्या 125 टक्के जागा लागते, निम्म्या जागा ही टायटॅनिकच्या वेळची गोष्ट आहे, 1912 ची.

ज्यांना खरंच काळजी आहे त्यांनी टूरवाल्याला जहाजाचं नाव आणि बांधणीचं साल विचारावं. 1 जुलै 2010 पासून बांधायला घेतलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना असा नियम आहे की ठरावीक मर्यादेपर्यंतच्या आगीत किंवा पाणी शिरल्यावरही जहाज स्वतःच्या जोरावर बंदर गाठू शकलं पाहिजे, म्हणजे केबली आणि इंजिनं अशी विभागायची की एक खोली जळली तरी दुसरी चालेल. वायकिंग स्काय त्यानंतरचंच, तेव्हा तेही कवच नाही, पण जुन्यापेक्षा बरं. ‘इक्वासिस’ नावाची वेबसाइट आहे, नोंदणी फुकट. जहाजाचं नाव किंवा सात आकडी आयएमओ क्रमांक (जहाजाचा ओळख क्रमांक) टाकला की कोणत्या बंदरात कधी तपासणी झाली, किती त्रुटी निघाल्या, जहाज अडवून ठेवलं होतं का, हे दिसतं. मावशीच्या जहाजाचं पान मी तिला पाठवलं आहे. ज्या ग्रुपवरून तो मेसेज आला तिथेही टाकलं, तर ॲडमिनने ‘लिंक पाठवू नये’ म्हणून काढून टाकलं. फॉरवर्ड मात्र अजून तिथेच आहे.