हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांविषयी पसरलेला खोटा संदेश
मोडीच्या वर्गाला नियमाने जाणारी माझी भाची वर्ग सोडायचे म्हणते, आणि त्याचे कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश आहे. अलेक्झांड्रियाचे जळालेले ग्रंथालय सापडले, कृत्रिम बुद्धिमत्तेने ते सगळे वाचून त्याचे भाषांतरही केले आणि जुन्या लिपी शिकण्याची गरज आता संपली, असे त्यात म्हटले आहे.

अलेक्झांड्रियाचा येथे काहीही संबंध नाही. ज्यांच्यावरून हा संदेश निघाला त्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाच्या, गुंडाळ्या इटलीतील नेपल्सजवळच्या हर्क्युलेनियमच्या आहेत, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात त्यांचा कोळसा झाला आणि अठराव्या शतकात त्या उत्खननात सापडल्या.

‘सगळे वाचले’ हेही खोटेच आहे. या गुंडाळ्या न उघडता वाचण्यासाठीच्या ‘व्हेसुव्हियस चॅलेंज’ या स्पर्धेच्या आयोजकांनीच फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले, की सात लाख डॉलरचे बक्षीस मिळवणाऱ्या तिघांनी उलगडलेला मजकूर एका गुंडाळीच्या सुमारे ५ टक्के आहे. गुंडाळ्या आणि तुकडे मिळून संख्या १८०० च्या आसपास जाते.

सर्वांत घातक विधान शेवटचे आहे. गुंडाळीची क्ष-किरण प्रतिमा घेऊन तिचे थर संगणकावर सुटे केले जातात. परंतु शाईही काजळीची आणि पपायरसही कोळसा झालेला, त्यामुळे दोहोंतला फरक डोळ्यांना जवळपास दिसत नाही. तेवढी शाई हुडकण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली करते. तिला गुंडाळीतली ग्रीक भाषा येत नाही, उलट तिने मनाने अक्षरे रचू नयेत म्हणून तिला एका वेळी अगदी लहानसा चौकोनच दाखवला जातो. अक्षरे लावणे, गळलेली जागा भरणे आणि वाक्याचा अर्थ ठरवणे हे सारे फेदेरिका निकोलार्दी यांच्यासारख्या, आयुष्य पपायरसवाचनात घालवणाऱ्या अभ्यासकांनी केले. त्यांना वगळून हे यश सांगणे ही शुद्ध फसवणूक आहे.

न उघडलेली गुंडाळी वाचता आली, एवढे मात्र खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. पूर्वी उघडण्याच्या प्रयत्नांत कित्येक गुंडाळ्यांचा चुरा झाला.

आपल्या दप्तरांतील मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडी गाठोडी, उघडली की कागद समोर असतो आणि शाईही दिसते. अडते ते वाचणाऱ्यावाचून. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि हात बदलला की वळण बदलते. यंत्राला मोडी शिकवायची झाली तरी आधी जाणकारानेच पानांमागून पाने देवनागरीत उतरवून द्यावी लागतात, आणि यंत्राने लावलेले वाचन बरोबर की चूक हेही त्यालाच तपासावे लागते.