फुकुशिमाचे साहेब तुरुंगात गेले? नाही

‘जपानमध्ये चुकीला माफी नाही, फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांना तुरुंगात टाकलं’ असा मेसेज फिरतोय. तो खोटा आहे.

त्सुनामीमुळे झालेल्या 2011च्या त्या दुर्घटनेसाठी, अणुप्रकल्प चालवणाऱ्या टेप्को कंपनीचा एकही वरिष्ठ अधिकारी तुरुंगात गेलेला नाही. सरकारी वकिलांनी तर खटला भरायलाच दोनदा नकार दिला. शेवटी सामान्य नागरिकांच्या समितीने तो भरायला लावला (ही सोय मात्र खरंच हेवा वाटावा अशी). 2008मध्येच कंपनीच्या हाती 15.7 मीटर उंच त्सुनामीचा अंदाज आला होता, हाच आरोपाचा गाभा. पण अशी लाट येईलच असं तेव्हा ठामपणे सांगता येत नव्हतं, असं म्हणत टोक्यो जिल्हा न्यायालयाने 2019मध्ये तिघा माजी अधिकाऱ्यांना निर्दोष सोडलं. 2023मध्ये उच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं, मार्च 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. तोवर एक आरोपी वारलेही होते. सरकारही सुटलं: भरपाईची जबाबदारी त्याच्यावर नाही, असा निकाल जून 2022मध्ये लागला.

कंपनीच्या साहेबांनी कॅमेऱ्यांसमोर कमरेत वाकून मागितलेली माफी खरी आहे. तिला शिक्षा समजू नका, एवढंच.