टाइगच्या ताब्यातली भाजणी

इंदूरच्या मावशीने पाठवलेली थालीपिठाची भाजणी डब्लिनमधील एका दुकानाच्या पार्सल-खिडकीपर्यंत सुखरूप आली आणि तेथे माझ्यापासून दोन हातांवर अडकली. हिंदी मुलखात हयात गेल्यामुळे मावशी माझे नाव इंग्रजीत ‘जी’ने सुरू करते, पासपोर्टावर मात्र ज्ञानेश्वराची सुरुवात ‘डी-एन-वाय’ने होते. खिडकीमागच्या तरुणाने पासपोर्ट, पार्सल आणि माझा चेहरा ताडून पाहिला, मला नाव उच्चारायला लावले आणि त्यात ‘डी’ ऐकू आला नाही अशी हरकत घेतली. “उच्चार होत नसेल, तर ते अक्षर लिहायचे कशाला?” असे त्याने अत्यंत गंभीरपणे विचारले. असे विचारणाऱ्या इसमाच्या छातीवरील बिल्ल्यावर टी, ए, डी, एच, जी अशी पाच अक्षरे होती.

ती पाच अक्षरे मी ‘टाइग’ अशी अचूक वाचून दाखवली. मला वाटले, बरोबरीच्या नात्याने आता पार्सल मिळेल. परंतु तो इतका हरखला, की पार्सल काखोटीला मारून त्याने व्याख्यानच सुरू केले. वाघाच्या इंग्रजी नावाची शेपटी छाटली की आपले नाव तयार होते आणि त्याचा अर्थ कवी असा आहे, हे त्याने प्रथम सांगितले. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत आयरिश राजा ब्रायन बोरूच्या बाजूने लढताना पडलेला, ई मान्या या जुन्या आयरिश राज्याचा राजा टाइगच होता, हे सांगताना त्याने क्लॉन्टार्फची दिशा माझ्याच भाजणीने दाखवली. पुढे कॉर्क आणि केरी भागांत मॅकार्थी आणि ओसुलिव्हन घराण्यांनी हे नाव इतके वापरले, की आयरिश भाषेत सामान्य माणसाला ‘बाजारातला टाइग’ आणि दुतोंड्याला ‘दोन्ही बाजूंचा टाइग’ म्हणू लागले. उत्तर आयर्लंडात तर कॅथलिकांना हिणवण्यासाठी याच नावाची शिवी झाली. हे तो काहीशा अभिमानाने सांगत होता, आणि माझ्यामागच्या रांगेतील आजी आपली काठी जमिनीवर आपटत होत्या.

त्याच्या नावातल्या त्या निरुपयोगी ‘एच’ची कथा मात्र मला खरोखर आवडली. जुन्या आयरिश लिपीत ‘डी’च्या डोक्यावर नुसते टिंब देत असत; विसाव्या शतकाच्या मध्यावर रोमन वळणाची छपाई रूढ झाली, टिंब गेले आणि त्याच्या जागी ‘एच’ येऊन बसला. आमच्याकडेही १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारली जाणारी टिंबे काढून टाकली, पण त्यांच्या जागी कोणालाही बसवले नाही, असे मी नम्रपणे सुचवले. त्याने ते ऐकून घेतले नाही, कारण तोपर्यंत तो आपल्या पणजोबांवर आला होता.

पणजोबा घरी टाइग आणि सरकारी कागदावर टिमोथी होते. आयर्लंडात १८६४ पासून सर्वांच्या जन्मांची नोंद होऊ लागली आणि नोंदवह्या इंग्रजीत असल्यामुळे असंख्य टाइगांचे टिमोथी झाले, कोणी थॅडियस झाले. बायबलातल्या तीमथ्याचा या कवीशी आरंभीच्या ‘टी’पलीकडे काय संबंध, असे विचारताना त्याचा आवाज कापला. “माणसाचे नाव सोयीसाठी बदलणे हा अपमान आहे,” तो म्हणाला, आणि त्याच श्वासात संगणकाकडे वळून त्याने मला विचारले, “तुम्हाला डॅन म्हटले तर चालेल का? सोपे पडेल.”

मला हसू यायला हवे होते, पण आले नाही. या देशात आल्यापासून मी शेवटी ‘बी-एच’ लिहिणाऱ्या सायव्हला सायव्ह आणि ‘एम-एच’ लिहिणाऱ्या नीव्हला नीव्ह म्हणत आलो आहे. सोपे काही आहे का, असे त्यांच्यापैकी एकीलाही मी विचारलेले नाही. नोंदवहीने केलेला अन्याय ज्याला चार पिढ्यांनंतरही तोंडपाठ आहे, त्यालाच नोंदवहीची चावी मिळाल्यावर तो विसरावा, ही गोष्ट मला भाजणीपेक्षा जास्त लागली.

मग मीही त्याला एक टाइग ऐकवला. टाइग मॅकार्थी नावाच्या धर्मगुरूंची पोपने दोन वेळा बिशप म्हणून नेमणूक केली, तरी प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना धर्मप्रांताचा ताबा लाभू दिला नाही. रोमला जाऊन दाद मागून परतताना १४९२ साली इटलीतील इव्ह्रेया गावी त्यांचा अंत झाला. कागद चोख असूनही हक्काची वस्तू अडवून धरणारे लोक तेव्हाही होते, हे मी पार्सलकडे पाहत सांगितले. त्याला हा टाइग ठाऊक नव्हता. त्याने तो कागदावर टिपून घेतला, स्पेलिंगसकट, आणि माझ्याकडून दोनदा तपासून घेतला.

आजींनी अखेर काठी खिडकीवर आपटली, तेव्हा त्याने रकान्यात ‘डॅन’ लिहिले आणि पार्सल माझ्या हाती ठेवले. कालच त्या दुकानाचा संदेश आला आहे: मावशीचे दुसरे पार्सल आले असून डॅन यांनी आपले मूळ ओळखपत्र घेऊन स्वतः यावे.