चुलीच्या दगडी ओट्याबद्दल आपल्या तक्रारीस उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

परसातल्या चुलीसाठी आम्ही बांधलेल्या दगडी ओट्याला आपण दोन तारे दिले आहेत. पाया सपाट करण्याच्या नावाखाली आम्ही ४,८०० रुपये जादा घेतले, तरीही ओटा पाणसळीत (समपातळीत) नाही, कडेचे दोन दगड ठोकल्यावर पोकळ वाजतात आणि काम लांबल्यामुळे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकींसाठी मांडे शेजारच्या चुलीवर करावे लागले, असे आपले म्हणणे आहे.

पोकळ दगडांची चूक निर्विवाद आमची आहे. घडीव काळ्या दगडाचा माथा छिन्नीने सारखा केलेला असला तरी तळ खडबडीतच राहतो, म्हणून प्रत्येक दगड एकदा बसवून, पुन्हा उचलून, सिमेंट-वाळूचा माल तळाला सगळीकडे लागला आहे की नाही हे पाहावे लागते. हे दोन दगड भर दुपारी बसवले गेले, उन्हाने तापलेल्या दगडाखाली माल वेळेआधी घट्ट झाला आणि उचलून पाहण्याचे काम आमच्या मिस्तरीने टाळले. संध्याकाळी मी स्वतः येऊन हातोडीने वाजवून पाहायला हवे होते, ते राहिले.

पायाबद्दल मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे. जुनी फरशी काढल्यावर तिच्याखाली मुरूम किंवा सोलिंग (दगडांचा पायाभूत थर) काहीच नव्हते, थेट काळी माती होती, आणि पाण्याच्या नळीने मोजले तेव्हा समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पावणेतीन इंचांचा फरक निघाला. एवढी उणीव सिमेंटच्या मालानेच भरून काढावी, असे आपण त्या वेळी सुचवले होते. तसे केले असते तर काम एका दिवसात संपले असते, परंतु एका कडेला इंचभर आणि दुसऱ्या कडेला जवळजवळ चार इंच जाडीचा माल सुकताना सारखा आकसत नाही. जाड बाजू जास्त आकसते, तिथे भेगा पडतात आणि वरचा दगड डगमगू लागतो. शिवाय आपल्या तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, हे शेती करणाऱ्या घराला मी वेगळे सांगायला नको. म्हणून दीड फूट माती काढून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून धुमसाने ठोकला, त्यावर दगडाचे सोलिंग केले आणि १:४:८ प्रमाणाचा (सिमेंट, वाळू, खडी) चार इंच काँक्रीटचा कोबा टाकला. काळी माती दीड फुटावर संपते असे नाही, त्यामुळे पहिल्या पावसात सगळा ओटा किंचित हलू शकतो. पण तो एकसंध हलेल, आणि याच कारणासाठी घराच्या भिंतीलगत अर्ध्या इंचाची फट ठेवून ती वाळूने भरली आहे.

पाणसळीचा बुडबुडा एका कडेला जातो, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. चार फूट रुंदीत मोरीच्या बाजूला अर्धा इंच उतार मुद्दाम दिला आहे, कारण उघड्यावरच्या ओट्यावर पाणी साचले तर ते सांध्यांतून खाली मुरते. चुलीखालच्या फायर ब्रिक (आच सोसणाऱ्या विटा) मात्र पूर्ण पाणसळीत आहेत. खापर (मांडे भाजायचे मातीचे भांडे) कलले तर मांडा एका बाजूने करपतो, हे आमच्याही घरी ठाऊक आहे. कृपया पाणसळ त्या विटांवर ठेवून पाहावी.

कोबा सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवला, त्यात आखाजी निघून गेली. एवढ्या उन्हात ते दिवस कमी करणे मला योग्य वाटले नाही. परंतु माती खोदण्यापूर्वीच खर्च आणि दिवस दोन्ही सांगून आपली संमती घ्यायला हवी होती, आणि सण तोंडावर असताना काम सुरू करायचे की नंतर, हे आपण ठरवायला हवे होते. ती संधी मी आपल्याला दिली नाही, याबद्दल आपली आणि आपल्या लेकींचीही क्षमा मागतो. मुरूम, खडी आणि सिमेंट यांचे पैसे साहित्यातच गेले आहेत, तेवढे परत करता येणार नाहीत. जादा घेतलेल्या ४,८०० रुपयांतली मजुरीची १,८०० रुपयांची रक्कम मी परत करीत आहे.

दोन्ही दगड विनामूल्य पुन्हा बसवण्यासाठी येत्या सोमवारी सकाळी सातला मिस्तरीबरोबर मीही येतो, आणि पावसाळा संपल्यावर सांधे पाहायला पुन्हा एक फेरी मारीन. तोपर्यंत चूल पेटवण्यास हरकत नाही. फक्त तापलेल्या विटांवर किंवा शेजारच्या दगडांवर पाणी ओतू नये आणि कडेच्या त्या दोन दगडांवर कोणी उभे राहू नये, ही विनंती.