2520 ही ‘एकमेव’ संख्या नाही

1 ते 10 या सर्व अंकांनी नि:शेष भाग जाणारी 2520 ही जगातली एकमेव संख्या आहे, ती रामानुजन यांनी शोधली आणि तिचं रहस्य 7 दिवस × 30 दिवस × 12 महिने या गुणाकारात आहे, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातला गुणाकार तेवढा बरोबर आहे.

2520 ‘एकमेव’ नाही, सर्वात लहान आहे. तिची दुप्पट 5040, तिप्पट 7560, पुढची प्रत्येक पट तशीच. अशा संख्या अनंत आहेत.

रहस्य म्हणाल तर ते शाळेतल्या लसाविचं. 8, 9, 5 आणि 7 यांचा गुणाकार करा: 2520. यात 8 आला की 2 आणि 4 आपोआप आले, 9 मध्ये 3 आला; 6 आणि 10 साठी वेगळं काही लागतच नाही. 7 × 30 × 12 फोडलं तरी हेच अवयव मिळतात, म्हणून उत्तर जुळतं. आठवड्याचा आणि महिन्यांचा इथे काही संबंध नाही.

लसावि काढण्याची रीत युक्लिडच्या काळीही माहीत होती. रामानुजन यांचं खरं काम याहून कितीतरी खोल आहे. आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी 1915 साली मोठा शोधनिबंध लिहिला. 2520 त्याच जातीची आहे. तिला तब्बल 48 विभाजक आहेत. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.

आणि 1 ते 20 पर्यंत हवं असेल, तर सर्वात लहान संख्या 23,27,92,560.